पार्किंगच्या कडेची कण्हेर

'सुशोभीकरण' या शब्दाचा मला मनापासून राग आहे. सगळा जन्म मी त्याच शब्दावर पोट भरलं, त्यामुळे हा राग मला शोभत नाही हेही कळतं. पण हा शब्द जिथं निघतो तिथं बहुतेक वेळा एक घाबरलेला माणूस असतो. कुणी मोठा पाहुणा येणार असतो, समोर नवं हॉटेल झालेलं असतं, नाहीतर कुणीतरी फोटो काढून मोबाइलवर फिरवलेला असतो. मग तो माणूस मला फोन करतो आणि म्हणतो, "मॅडम, आमच्या पार्किंगचं कायतरी करा की. लई घाण दिसतंय."

मी शेतीची पदवी घेतलेली बाई. बिद्रीच्या बाजूला एका गावात आमचा बौद्धवाडा. वडील कारखान्यावर बॉयलरला, आई दुसऱ्यांच्या उसात भांगलायला. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि पदवी हातात आल्यावर नोकरी न धरता मी रोपवाटिका काढली तेव्हा वडिलांनी बरेच दिवस माझ्याशी अबोला धरला होता. रोपवाटिकेतून बागांची कामं मिळाली. पण बंगल्यांच्या बागा करणारे कोल्हापुरात पुष्कळ होते, पार्किंगला कुणी हात लावत नव्हतं. मी एकदा लावला आणि शिक्का बसला तो बसलाच. बाकीचे बागवाले मला 'पार्किंगवाल्या बाई' म्हणायचे. पाठीमागे म्हणायचे, पण मला ऐकू येईल अशा बेतानं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, पार्किंग वाईट दिसतं ते गाड्यांमुळे. तसं नाही. गाड्या भरलेल्या असतात तेव्हा ती जागा निदान कामात तरी दिसते. वाईट दिसते ती रिकामी झाल्यावर. तेलाचे डाग, पानाच्या पिचकाऱ्या, कडेला टेकवलेले गंजके पत्रे, पावसाळ्यात मुरमाचा राडा आणि उन्हाळ्यात त्याचीच धूळ. भर पेठेत, जिथं हातभर जागेसाठी सख्खे भाऊ कोर्टात जातात, तिथं मधोमध दात पडल्यासारखी एक मोकळी जागा. देवीच्या दर्शनाला येणाऱ्यांच्या गाड्या वाढल्या, जोतिबाहून उतरलेली माणसं कपाळाला गुलाल तसाच ठेवून थेट बाजारात शिरायला लागली, आणि पेठेत जुनं काही पाडलं की त्या जागी आधी पार्किंग व्हायला लागलं. इमारत मागाहून, वाद मिटला की. वाद मिटत नाहीत, म्हणून पार्किंग राहतं.

अशा जागेचं करायचं काय? तिथं काही बांधता येत नाही, ती हलवताही येत नाही. आपल्या हातात असतात फक्त कडा. आधी पाण्याला वाट करून द्यायची, कारण आपल्याकडच्या पावसात उतार चुकला तर पार्किंगचं डबकं होतं. मग कुंपण, तेही कमरेइतकंच. मालक म्हणतात, सगळं झाकून टाका. मी म्हणते, संध्याकाळी एकट्या बाईला आत गाडीपर्यंत जायचं असतं, तिला बाहेरचं दिसलं पाहिजे आणि बाहेरच्यांना ती. मग सावली. गाड्यांच्या दोन रांगांमध्ये झाडं लावायची आणि प्रत्येक झाडाभोवती काळ्या दगडाचं कडं बसवायचं. गाडी मागं घेणाऱ्या माणसाला झाड दिसत नाही, त्याला फक्त आवाज ऐकू येतो, म्हणून दगड. झाड करंजाचं चालतं, बहाव्याचं चालतं. जांभळाचं चालत नाही. मी उमेदवारीच्या काळात एका ठिकाणी जांभूळ लावलं होतं आणि एका पांढऱ्या गाडीच्या मालकानं दर उन्हाळ्यात फोन करून माझा उद्धार केला.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. एका मंगल कार्यालयाच्या मालकाला गाड्या हिरवळीवर उभ्या करायच्या होत्या. परदेशात त्यानं तसं पाहिलं होतं म्हणे. त्याची हिरवळ पहिल्याच लग्नसराईत चिखल होऊन गेली आणि वऱ्हाडी मंडळी एकमेकांच्या गाड्या ढकलत बसली. एका दवाखान्याच्या डॉक्टरांनी सावली पाहिजे म्हणून झाडं मागितली, मग पानं पडतात म्हणून तक्रार केली. मी त्यांना विचारलं, "डॉक्टर, पानं न पडणारं झाड हवंय की झाड न लागणारी सावली?" ते म्हणाले, "दुसरं काही असेल तर बघा." शेवटी त्यांनी पत्रा टाकला. त्या पत्र्याखाली गाड्या आजही तापतात.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट दुसरीच आहे. ती आजवर मी कुठं बोलले नाही. त्यातले शंकरअण्णा आता राहिले नाहीत, आणि त्यांच्या मागे त्यांच्या पत्नी पार्वताक्कांना विचारूनच मी हे लिहिते आहे. त्या म्हणाल्या, "लिवा. आता कुणाला लागायचं ऱ्हायलंय?" तरी नावं मी बदलली आहेत.

पेठेत एका जुन्या टॉकीजची पाडलेली जागा होती. मालकांच्या वारसांचा दावा चालू होता आणि तोवर आसपासच्या दुकानदारांच्या मंडळानं ती पार्किंगला घेतली होती. मंडळाचे अध्यक्ष आप्पासाहेब, कापडाचे व्यापारी. पांढरा शर्ट, पांढरी पँट, बोलणं मोजून. त्यांनी मला बोलावलं तेव्हा त्या जागेच्या कोपऱ्यात म्हशी उभ्या होत्या.

कोल्हापूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडे दूध कट्ट्यावर पितात. गवळी संध्याकाळी म्हशी घेऊन ठरलेल्या जागी येतो, तुमच्या डोळ्यांदेखत धार काढतो आणि फेसासकट ग्लास तुमच्या हातात देतो. तालमीतून आलेली पोरं, दुकान बंद करून निघालेले म्हातारे, नव्यानंच लग्न झालेली जोडपी, सगळे उभ्यानं दूध पितात आणि मिशा पुसत घरी जातात. टॉकीज होती तेव्हापासून शंकरअण्णांचा कट्टा त्या कोपऱ्यात होता. सिनेमा सुटला की गर्दी व्हायची. टॉकीज गेली, कट्टा राहिला. कुणी परगावचा माणूस गाडी लावून बावरून बघत उभा राहिला की अण्णा ओरडायचे, "पावणं, बगत काय उभारलाय? या की, ग्लास मोकळा हाय!"

आप्पासाहेबांना हा कट्टाच नको होता. "मॅडम, आपण एवढा खर्च करायचा आणि कोपऱ्यात शेण? बाहेरचे लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, बाहेरचे लोक तेच बघायला येतात. कोपऱ्याला फरशी घालू, शेणमुताला वेगळी नाली काढू, मागं एक करंज लावू, म्हशींना सावली होईल. त्यांनी माझा आराखडा उलटसुलट करून बघितला. मग म्हणाले, "ठीक. पण म्हशींनी कुंपण खाल्लं तर कट्टा गेला. हे त्यांना सांगून ठेवा." म्हणजे अण्णांचं त्या जागेवरचं राहणं आता माझ्या कुंपणावर आलं.

मी कोयनेल लावली. कडू पाल्याची, दाट वाढणारी, जनावर तिला तोंड लावत नाही आणि चुकून लावलंच तरी मरत नाही. काम सुरू होतं तेव्हा एका संध्याकाळी पार्वताक्कांनी मला हाक मारली. त्या लिंगायत गवळी, माहेर निपाणीकडचं, बोलण्यात कानडी हेल. त्यांनी मला घरचा पितळी पेला भरून दूध दिलं. गिऱ्हाइकांचे ग्लास स्टीलचे होते, हा पेला त्यांचा स्वतःचा होता. आमच्या आईला गावात ओंजळीत वरून पाणी ओतायचे, ते मी लहानपणी पाहिलं आहे. पार्वताक्कांना माझं गाव, माझी वाडी, सगळं माहीत होतं, आदल्या दिवशीच विचारून झालं होतं. त्यांनी त्याचा काही विचार केला असं दिसलं नाही. मी पेला रिकामा केला आणि त्यांनी तो तिथंच विसळून स्वतःसाठी भरून घेतला. त्या दिवसापासून मी त्यांची झाले, असं म्हटलं तरी चालेल.

मग मला वारणानगरच्या बाजूला एका कॉलेजच्या आवाराचं काम आलं आणि काही आठवडे मी पेठेत फिरकले नाही. परत आले तर रस्त्याकडच्या बाजूला माझी कोयनेल उपटलेली आणि तिथं फुलं आलेली कण्हेर ओळीनं उभी. गुलाबी, तांबडी, अगदी नजर ठरू नये अशी. आप्पासाहेबांनी हायवेच्या दुभाजकावर पाहिली होती आणि कुणा दुसऱ्याकडून लावून घेतली होती.

"बघा मॅडम," ते म्हणाले, "बारमाही फूल, पाणी कमी, आणि म्हस खात नाही. कट्ट्याची अटही पाळली."

मी म्हटलं, "म्हैस खात नाही, कारण ते विष आहे."

"मग बरंच की. खायचीच नाही."

इथं थोडं धंद्यातलं सांगायला हवं. कण्हेर हिरवी असते तेव्हा जनावर तिला हुंगून सोडून देतं. पण ती तोडली आणि सुकायला लागली की तिचा कडूपणा मरतो, विष मात्र तसंच राहतं. तेव्हा जनावर ती खातं. थोडा पाला पोटात गेला तरी थेट हृदयावर जातो. म्हणून उभ्या कण्हेरीला मी भीत नाही, तोडलेल्या कण्हेरीला भिते. हे मी आप्पासाहेबांना सांगितलं आणि तिथल्या तिथं शंकरअण्णांनाही बाजूला घेऊन सांगितलं. म्हटलं, अण्णा, छाटणी फक्त माझा तानाजी करेल, तोडलेलं पान न् पान पोत्यात भरून नेईल. तुमच्यापैकी कुणी डहाळी तोडायची नाही, घरी सांगून ठेवा.

"म्हस लई शानी आस्ती, अक्का," अण्णा हसून म्हणाले. "कडवट कशाला खातीया? पर सांगतो की घरात."

तानाजी माझा मुकादम. त्यानं छाटणी नेमानं केली. एक पावसाळा गेला, दसरा गेला. कण्हेर अशी फुलली की लोक गाडी लावून तिच्यासमोर फोटो काढायला लागले. आप्पासाहेब मला भेटले की नुसते हसायचे.

दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडे म्हशींचा दिवस असतो. त्यांना धुऊन तेल लावून अशा चकाकवतात की अंगात तोंड दिसावं. शिंगं रंगवतात, शिंगांना मोरपिसं, गळ्यात कवड्यांच्या माळा आणि घुंगरं. मग मालक मोटारसायकलवर पुढं आणि मागून त्याची हाक ऐकून म्हैस धावते. दुतर्फा माणसं शिट्ट्या मारत उभी असतात. शंकरअण्णांची हरणी नावाची म्हैस होती, पेठेतली सगळ्यांची लाडकी. पार्वताक्कांना मूल नव्हतं. त्या म्हशीचं त्यांनी पारडू असल्यापासून केलं होतं, ते मूल केल्यासारखंच होतं. कट्ट्यावर हरणी दुसऱ्या कुणाला सड धरू देत नसे.

त्या पाडव्याला मी स्वतः तिथं उभी होते. हरणी समोरून गेली तेव्हा तिच्या गळ्यात भरगच्च गुलाबी हार होता, फुलं आणि पाला एकाआड एक गुंफलेला. गर्दी होती, गुलाल होता, ती धावत होती. मला तो झेंडूशेवंतीत काहीतरी वेगळं घातलेला हार वाटला. चांगला दिसत होता. मी टाळ्या वाजवल्या.

भाऊबिजेच्या सकाळी तानाजीचा फोन आला. "म्याडम, हरणी बसलीय. उठंना. तुम्ही या."

मी गोठ्यावर पोचले तेव्हा जनावरांचे डॉक्टर आधीच आले होते. हरणी मान टाकून पडली होती, कान गार, श्वास तुटक. डॉक्टर विचारत होते, "काय खाल्लं हिनं? नवीन काय दिलं?" अण्णांना काही सांगता येत नव्हतं. पार्वताक्का आत पाणी तापवायला गेल्या होत्या. मी गव्हाणीत हात घातला. कडब्याखाली एक दोरा होता, त्याला सुकलेल्या पानांचे देठ चिकटलेले. आदल्या संध्याकाळी हार काढून गव्हाणीच्या खुंटीला अडकवून ठेवला होता, आणि हरणीनं तो खाली ओढून खाल्ला होता.

मी दोरा डॉक्टरांपुढे धरला. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. अण्णांनीही बघितलं. त्यांना सगळं कळायला क्षणसुद्धा लागला नाही. त्यांनी माझ्या हातातून तो दोरा घेतला, चुरगाळून सदऱ्याच्या खिशात घातला आणि हलक्या आवाजात म्हणाले, "डाक्टर, पाया पडतो तुमच्या. तिच्यासमोर ह्ये बोलू नका. ताप हुता म्हना. कायबी म्हना."

पार्वताक्का गरम पाण्याची बादली घेऊन आल्या. डॉक्टर म्हणाले, "तापच दिसतोय." आणि इंजेक्शन भरायला लागले.

हरणी दुपारी गेली. पार्वताक्का तिची मान मांडीवर घेऊन बसल्या होत्या, त्या रडल्याही नाहीत. त्या संध्याकाळी बाकीच्या म्हशींचं दूध अण्णांनी सगळं नालीत ओतून दिलं. दुसरीनंही कदाचित चार पानं खाल्ली असतील, कुणी सांगावं. गिऱ्हाइकं आली, त्यांना हात जोडून म्हणाले, "आज न्हाई. घरात सुतक हाय." काहीजणांना ते म्हशीचं सुतक ऐकून हसू आलं.

मी म्हटलं, अण्णा, उद्याच्या उद्या ती कण्हेर मी उपटते. ते एकदम घाबरले. इतके की मला त्यांचा हात धरावा लागला.

"नका अक्का. आत्ता काडलासा तर ती लगीच वळकंल. हार तिनं केलता. सकाळी उटून, स्वता डहाळ्या तोडून. महादेवाला बी त्यातलीच फुलं घातली तिनं." मग म्हणाले, "तुम्ही मला सांगितलं हुतासा. घरात सांगा म्हनून. मी बोललोच न्हाई तिला. आज बोलतो, उद्या बोलतो. म्हटलं, बाईमानसाला कशाला भ्या घालायचं."

आता मी काय करायचं? विष उभं ठेवायचं, की त्या बाईला सांगायचं की तुझ्या हातानं तुझी हरणी मेली? माझं आयुष्य झाडं लावण्यात आणि काढण्यात गेलं. एखादं झाड काढायला इतकं जड मला कधी वाटलं नव्हतं. शेवटी ठरलं ते असं, की थोडे दिवस जाऊ द्यायचे. तोवर तानाजीनं रोज सकाळ-संध्याकाळ कण्हेरीखालचं पान न् पान झाडून न्यायचं. आणि काढायची ती दुसरंच काहीतरी कारण सांगून.

कारण मंडळानं द्यायला हवं होतं, म्हणून मी आप्पासाहेबांच्या दुकानात गेले. त्यांना बातमी लागली होती. मी गादीवर बसायच्या आतच ते म्हणाले, "मॅडम, मी पहिल्यापासून म्हणत होतो, म्हशी आणि पार्किंग एकत्र नको. आता तुम्हीच सांगा मंडळाला, जनावरांना धोका आहे म्हणून. कट्टा हलवू. सगळ्यांच्याच भल्याचं आहे."

मला भयंकर संताप आला. म्हणजे म्हैसही अण्णांची जायची आणि जागाही त्यांचीच. मी उठून निघणार होते. पण मग बसले आणि त्यांना सगळं सांगितलं, हाराचं, दोऱ्याचं, सदऱ्याच्या खिशाचं. आवाज चढवला नाही. त्यांच्या पुढ्यात कुणीतरी साडी पसरून ठेवली होती, ती ते घडी घालायला लागले. घडी जमेना, पुन्हा उलगडली.

"म्हणजे त्या बाईंना माहीत नाही," ते म्हणाले.

"नाही."

"आणि मला माहीत होतं. तुम्ही सांगितलं होतं." त्यांनी साडी बाजूला सारली. "लोकांना काय सांगायचं? फुलं सगळ्यांना आवडतात."

"ते तुम्ही बघा."

त्यांनी जे केलं त्याची मला त्यांच्याकडून अपेक्षा नव्हती. मंडळाच्या बैठकीत त्यांनी सांगितलं की त्यांना स्वतःलाच त्या फुलांची ॲलर्जी आहे, शिंका येतात, डोळे लाल होतात, सबब कण्हेर काढायची. माणसं खो खो हसली. अध्यक्षाच्या नाकासाठी एवढी फुलं काढणार! पेठेतल्या टवाळ पोरांनी त्यांच्या दुकानासमोरून जाताना शिंकायला सुरुवात केली. कपड्याला सुरकुती पडू न देणारा तो माणूस काउंटरवर बसून हे निमूट ऐकून घ्यायचा. कट्टा हलवण्याचं त्यानंतर त्यांनी नाव काढलं नाही.

संक्रांत झाल्यावर आम्ही कण्हेर काढायला घेतली. हे कामही नाजूक असतं. हातात मोजे लागतात, कारण चीक अंगाला लागू द्यायचा नसतो. जाळता येत नाही, धूरही वाईट. खतात टाकता येत नाही. खोल खड्डा काढून पुरावी लागते. तानाजीनं पार्किंगच्या पलीकडच्या टोकाला खड्डा काढला होता, वरून फरशी बसणार होती. शंकरअण्णा म्हशी घेऊन यायला अजून अवकाश होता. ती वेळ आम्ही मुद्दामच निवडली होती.

निम्मी ओळ निघाली असेल. मी वळून पाहिलं तर पार्वताक्का माझ्या मागे उभ्या. एकट्याच. मी गडबडले. म्हटलं, "अक्का, तुम्ही आत्ता? ते, आप्पासाहेबांना शिंका—"

त्यांनी मला बोलू दिलं नाही. खाली उकिडव्या बसल्या आणि जमिनीवर सांडलेली पानं एकेक करून वेचायला लागल्या. पदराचा ओचा केला होता, त्यात टाकत होत्या. मी माझे मोजे काढून त्यांच्यापुढे धरले. त्यांनी घेतले नाहीत.

"एक बी ऱ्हाऊ देऊ नका, अक्का," त्या म्हणाल्या. "मातीत घुसल्यालं बी काडा."

मी त्यांच्याशेजारी बसले. कोल्हापूरकडच्या बायका 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात, पार्वताक्काही तशाच. त्या खाली बघतच बोलत होत्या.

"सदरा धुवायला घेतलो तवा खिशात माजा दोरा घावला. तिच्या हाराचा. त्याच आटवड्यात. लई इचार केलो, ह्येंनी लपवून का ठेवलाय दोरा? मग कळलं. म्हायेरी आमच्या आव्वानं सांगितल्यालं आटवलं, कन्हेर खाऊन शेळी मेलती एक, लई लहान हुतो मी." त्यांचे हात थांबले नव्हते. "तुम्ही ह्येंला आदी सांगितलं हुतासा, व्हय न्हवं?"

मी मान हलवली. खोटं बोलायचा मला धीर झाला नाही.

"वाटलंच. म्हनून मानूस जेवत न्हाई. माज्याकडं बगत न्हाई. हार मी केलो, सांगायचं त्येंचं ऱ्हायलं, आता कुनी कुनाचा दोष काडायचा? पर मला कळलंय आसं त्येंला कळलं तर त्यो उबा ऱ्हायचा न्हाई, अक्का. मी हाय घट्ट. त्यो न्हाई."

मी तेवढ्यात रडायला लागले होते. त्यांनी मला उगी केलं नाही. ओचा भरला तशा उठल्या, खड्ड्यापाशी गेल्या, पानं आत झटकली आणि नळावर हात चोळून चोळून धुतले. डोळ्यांवरूनही पाणी मारलं.

इतक्यात फाटकाकडून घुंगरं वाजली. शंकरअण्णा म्हशी घेऊन वेळेआधीच आले होते. बायकोला तिथं पाहून ते जागच्या जागी थबकले.

पार्वताक्का कमरेवर हात ठेवून माझ्याकडे वळल्या आणि सगळ्या पार्किंगला ऐकू जाईल अशा आवाजात कडाडल्या, "काय म्हनायचं तुमच्या अध्यक्षाला तरी! एवडी सोन्यासारकी फुलं! बाया-बापड्या देवाला न्हेत हुत्या, ती उपटून टाकलासा! नाक धरून बसायचं हुतं म्हनावं घरात!"

तानाजी तोंड फिरवून उभा राहिला. अण्णांनी म्हशी खुंट्याला बांधल्या. बांधता बांधता त्यांचा चेहरा हळूहळू सैल झाला. पार्वताक्का ग्लास मांडायला गेल्या आणि तिथूनही त्यांचं ओरडणं चालूच होतं. अण्णा माझ्याजवळ आले. हरणी गेल्यानंतर पहिल्यांदाच त्यांनी माझ्या डोळ्यांकडे बघितलं.

"कळलं न्हाई न्हवं तिला?" त्यांनी विचारलं.

"नाही, अण्णा," मी म्हटलं. "काही कळलं नाही."

"बरं झालं," ते म्हणाले, आणि बादली घेऊन धारेला बसले.